गॅलरीत पडलेली मनू

भोईवाड्यातल्या चाळीत राधा साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. वय चव्वेचाळीस. तिला फिट येते हे चाळीत घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. बाविसाव्या वर्षी कुर्ल्याला लग्न करून दिलं तेव्हाही वडिलांनी, बुधाजींनी, आजाराचं सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात ती सासरी सगळ्यांसमोर पडली आणि आठवड्याच्या आत माहेरी परत आली. वडील गेल्यावर भाऊ अभय आणि भावजय वैशाली यांच्याकडेच राहिली. गोळी ती चोरून घ्यायची, मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने.

शेजारच्या रुपालीला जखमी मांजरं उचलून आणायची सवय. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे तिला एक कबरी मांजर सापडली, डोक्याला मार लागलेली. नाव ठेवलं मनू. जखम भरली, पण मनूला फिट यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वेळ गोळी चुकवली नाही तर पुष्कळ वर्षं चांगली जगेल. दोन घरांनी तिला हौसेने नेलं. पहिली फिट पाहिली आणि दोन्ही घरांनी आणून सोडलं.

एका रविवारी दुपारी मनू गॅलरीतच कोसळली. पाय ताठ, तोंडाला फेस. बायका जमल्या. "चप्पल हुंगवा," कुणीतरी म्हणालं, आणि धोंडूकाका खरंच पायातली चप्पल काढून पुढे झाले.

राधा मशीनवरून उठून बाहेर आली. "काका, राहू दे. हात लावू नका तिला."

कठड्यावर डोकं आपटू नये म्हणून तिने मध्ये गोधडीची घडी सरकवली आणि घड्याळाकडे बघत बसली. दीड मिनिटाने अंग सैल पडलं. थोड्या वेळाने मनू उठली, झोकांड्या खात भिंतीला धडकली, कुणालाच ओळखेना. मग बसून अंग चाटलं आणि खायला मागायला लागली.

राधा बघत राहिली. शुद्धीवर आलं की आधी भोवतीचे चेहरे दिसतात, आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. या मांजरीला त्याचं काहीच नव्हतं. तिला भूक लागली होती, एवढंच.

"तुला गं कसं माहीत एवढं?" धोंडूकाकांनी विचारलं.

"मलाही येते," राधा म्हणाली. "आठव्या वर्षापासून." धोंडूकाकांनी चप्पल परत पायात घातली. मग ती रुपालीकडे वळली. "हिला मला दे."

घरी वैशाली म्हणाली, "ताई, घरात आधीच एक..."

"हो," राधा म्हणाली. "म्हणून तर म्हणते. गोळीची वेळ माझ्याकडून चुकायची नाही."

वेळ चुकली नाही, पण गोळी पोटात जाईना. मनू ती गालात धरून ठेवायची आणि कॉटखाली जाऊन थुंकायची. राधाच्या हातांवर ओरखडेच ओरखडे. शेवटी उकडलेल्या बांगड्याच्या तुकड्यात लपवली तेव्हा जमलं. सहा महिन्यांनी रक्त तपासून डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला. आठवड्याला येणारी फिट दोन-दोन महिन्यांवर गेली. पुरती गेली नाही, आणि जाणारही नव्हती. मनूला फिट आली की सुरुवातीला वैशाली दाराशी उभी राहायची. पुढे पुढे राधा बाहेर असली तर तीच गोधडी घेऊन बसायला लागली.

गेल्या हिवाळ्यात राधा ओट्याजवळ पडली. जाग आली तेव्हा ती कुशीवर होती, डोक्याखाली उशी होती आणि वैशाली शेजारी जमिनीवर बसली होती.

"दोन मिनिटं," वैशाली म्हणाली. "बघत होते मी."

"मनू?"

"पळाली कॉटखाली. घाबरली."

राधाला हसू आलं. जीभ चावली गेली होती, हसताना दुखली. तिने उठायची घाई केली नाही. वैशाली उठली, कुकरखालचा गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली.

"ताई, एक विचारू? पडायच्या आधी काही कळतं का गं?"

लग्न होऊन वैशाली या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती. हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि राधानेही कधी विचारू दिलं नव्हतं.

"रबर जळल्यासारखा वास येतो," राधा म्हणाली. "मग डाव्या हाताला मुंग्या."

"मग वास आला की हाक मारत जा मला."

"अगं, तेवढा वेळ नसतो."

"नसू दे. नुसतं 'वैशू' म्हण. तेवढं पुरे."

राधाने मान हलवली. मग कुशीवर पडल्या पडल्याच ती बाकीचंही सांगत गेली, आठव्या वर्षापासूनचं.