कोठाराच्या फाटकावरचा माणूस

दौलताबादच्या पुढं एका दगडखाणीत सुरुंगाच्या दारूच्या पेट्यांचं कोठार होतं. त्याच्या फाटकावर एक म्हातारा राखणदार असायचा. मी खाणमालकाची जीप चालवायचो, रोज भेटायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो आधी माझ्या खिशातली काडेपेटी काढून घ्यायचा आणि जीप फाटकाबाहेरच बंद करायला लावायचा.

एकदा मालकानं कोठारात दिवा हवा म्हणून साधी उघडी वायर आत ओढून घेतली. म्हाताऱ्यानं विजेचा खटका पाडला आणि वायर उपसून बाहेर फेकली. जीपही आत सोडेना. मालक खवळला.

"कोठार माझं, जीप माझी. तू कोण रे?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "सगळं तुमचंच व्हय, मालक. पर आत पेट्या उचलणारी माणसं तुमची नायत. ती त्यांच्या लेकराबाळांची हायेत."

मालकानं त्याला तिथल्या तिथं काढून टाकलं. डबा उचलून तो पायीच गेला. पेट्या उचलणारे परत पेट्यांकडे वळले.

मालकाचा मला अजून संताप येतो. माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो. दुसऱ्या दिवशी नव्या राखणदारानं सलाम ठोकून फाटक उघडलं, मालक "चल" म्हणाला, आणि मी चालत्या इंजिनासकट जीप थेट पेट्यांजवळ नेऊन उभी केली.