बायकोचं टपल

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी कडेगावला परतलो, तेव्हा ऊस धाकटा भाऊ बघत होता आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सांगलीत विश्रामबागेला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचा क्लास आहे असं कळलं. मी नाव घातलं. बायको म्हणाली, "मी बी येते. घरात बसून काय करू?" ती लग्नाआधीच बी.एस्सी. झालेली. म्हटलं चल, एसटीत सोबत होईल.

सुरुवातीला मी पुढं होतो. तिला काही अडलं की मी समजावून सांगायचो, तेही जरा मोठ्या आवाजात. मागच्या बाकावरच्या पोरांनाही ऐकू जावं, हा हेतू.

मग टपल आलं. लिस्टसारखंच, बरेच आकडे एका नावाखाली एकत्र ठेवायचा प्रकार. सर म्हणाले, "लिस्टमधल्या गोष्टी केव्हाही बदलता येतात, त्यांचा क्रमही फिरवता येतो. टपल एकदा तयार झालं की झालं. आतलं काही बदलत नाही, क्रम हलत नाही."

मी लगेच एका टपलमधला पहिला आकडा बदलायला गेलो. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर आली.

"सर, जी बदलता येत नाही ती वस्तू ठेवायची कशाला?"

सरांनी तोंड उघडायच्या आत शेजारून ही बोलली, "बदल पायजे असंल तर नवं टपल करायचं की. जुनं हाय तसं ऱ्हातंय. दुसरं कोण त्याच्यावर इसंबून असंल, तर त्याचं नुकसान न्हाई."

"बरोब्बर!" सर म्हणाले.

मला त्यांनी एकदाही 'बरोब्बर' म्हटलं नव्हतं. परतताना एसटीत तिनं विचारलं, "आवं, गप का?" मी डोकं दुखतंय म्हणालो. दुखत होतं ते डोकं नव्हतं.

पुढं सरांनी एक काम आणलं. तासगावच्या एका बागायतदाराला ड्रोननं द्राक्षबागेवर फवारणी करायची होती. बागेच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन बाग नकाशावर दाखवायची, असा प्रोग्रॅम प्रत्येकानं लिहायचा. मी मनातून सुखावलो. तोफखान्यात माझं आयुष्य नकाशांवर गेलेलं. इथं ही मला गाठत नाही, म्हटलं.

फौजेत नकाशावरची जागा सांगताना आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. जीपीएसमध्ये नेमकं उलटं. मी कोपरे लिस्टमध्ये भरले आणि छापायच्या तक्त्यात फौजेतला क्रम यावा म्हणून आकडे फिरवले. मला वाटलं, तक्त्यापुरतेच फिरले. फिरली होती मूळ लिस्टच, आणि नकाशा तीच वाचत होता.

दाखवायच्या दिवशी बागायतदार स्वतः आला. मी ऐटीत नकाशा उघडला. पडद्यावर नुसतं निळं पाणी.

"आवं फौजी, माजी बाग कुटं गेली?"

सरांनी नकाशा लहान करून पाहिला. बाग उत्तर ध्रुवाच्या अलीकडं, समुद्रात पडली होती. पोरं बाकावर डोकी टेकून हसत होती.

नंतर हिची पाळी. तिनं एकेक कोपरा टपलमध्ये ठेवला होता, आणि तक्त्यासाठी वेगळी, उलट्या क्रमाची टपलं केली होती. नकाशा थेट तासगावला गेला. बागायतदार खुर्चीतून उठलाच. "ही बघा माजी बेदाण्याची शेड! वैनी, लय भारी!"

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या नंतर.

घरी ती हळूच म्हणाली, "टपल असतं तर मशीननं तुमाला तितंच आडवलं असतं."

"मला शिकवू नगंस," मी म्हणालो. ती बरोबर होती, हेच सहन होत नव्हतं. चुकली असती तर मी तिला मायेनं समजावलं असतं.

महिन्याभरात सरांनी तिला क्लासला जोडून असलेल्या आपल्या ऑफिसात बागांचे नकाशे करायचं काम दिलं. मी म्हणालो, "रोज कडेगाव-सांगली कोण करणार?" ती नको म्हणेल अशी आशा होती.

"मी करणार की," ती म्हणाली. "आनि बागंचे कोपरे नीट मोजनारा मानूस पायजे. तुमच्याएवढं नकाशाचं कुनाला कळतंय?"

ही खरी तारीफ होती की समजूत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी ते काम धरलं. आता जीपीएस घेऊन तासगावच्या बागांमधून फिरतो, द्राक्षांच्या मांडवाच्या तारांखालून वाकून कोपरे गाठतो आणि आकडे तिला पाठवतो. काम आवडतं. तिचा फोन आला की मात्र आत अजून काहीतरी टोचतं.

परवा तिला आणायला विश्रामबागेत गेलो. ती आता क्लासही घ्यायला लागली होती, नव्या पोरींना टपल शिकवत होती. हात हलवून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. कशाला हसल्या ते दारातून ऐकू आलं नाही. एक पोरगी बाहेर आली, तिनं मला विचारलं, "काका, कोण पाहिजे?"

"मॅडमचा मिस्टर हाय मी," मी म्हणालो. शब्द तोंडातून जरा अवघडच निघाले, पण निघाले. तिनं आतून खुर्ची आणून दिली आणि मी तास संपेपर्यंत बसलो.