खरखरीचा माग

साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी मशीनांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. गोराईचा माझा एक मित्र मच्छीमार आहे. गेल्या हिवाळ्यात तो बोटीवरचा वायरलेस सेट घेऊन माझ्याकडे आला. खाडीच्या तोंडाशी आलं की सेटवर नुसती खरखर, बोलणं काही ऐकूच येत नाही, असं त्याचं म्हणणं. आठवड्यापूर्वी त्याच्या भावाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. भाऊ सेटवरून हाका मारत राहिला, पण खरखरीत कुणालाच काही कळलं नाही, आणि बोट खडकावर गेली. माणसं पोहून वाचली. बोट गेली.

सेट मी तपासला, त्यात खोट नव्हती. म्हणजे खरखर बाहेरून येत होती.

ती शोधायला मी दोन छोटे कॉम्प्युटर जुळवले. प्रत्येक पत्त्यांच्या कॅटएवढा, त्याला पेनड्राइव्हसारखा एक रिसीव्हर आणि एक पॉवरबँक. हवेतली खरखर पडद्यावर रेघांनी दिसायची. एक संच मित्राच्या गच्चीवर बांधला, तो दिवसभर नोंद घेत राहायचा. दुसरा हातात घेऊन फिरायचा. पहिले दोन दिवस आम्ही आमच्याच पॉवरबँकेचा आवाज हुंगत फिरलो. मग मी सगळं स्टीलच्या डब्यात घातलं, भोकं पाडून वायरी बाहेर काढल्या, तेव्हा कुठे पडदा स्वच्छ झाला. अँटेना माशाच्या काट्यासारखा होता, लोखंडी पाईपवर बसवलेला. तो ज्या दिशेला धरला की रेघा चढायच्या, तिकडे चालत जायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघा चढत चढत आम्हाला किनाऱ्यालगतच्या एका बंगल्यापाशी घेऊन आल्या. सुट्टीत भाड्याने देतात तसला बंगला. कंपाउंडच्या चारी बाजूंना कॅमेरे. प्रत्येक कॅमेऱ्याखाली त्याला वीज देणारा स्वस्तातला एक अडॅप्टर लटकत होता, आणि अँटेना तिकडे वळवला की पडदा भरून जायचा. खरखर हे अडॅप्टरच सोडत होते. मला इतका आनंद झाला की मी कंपाउंडच्या भिंतीभोवती दोन चकरा मारल्या. एका हातात वायरी लोंबणारा डबा, दुसऱ्यात पाईप. आत बसलेली माणसं हे सगळं कॅमेऱ्यात बघत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फाटक उघडून चौघे बाहेर आले. पुढे बंगल्याचा केअरटेकर होता, पन्नाशीचा, हातात काठी. डब्यात काय आहे, असं त्याने विचारलं. मी सांगायला लागलो तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बॉम्ब आहे."

पुढे सांगायला वेळच मिळाला नाही. एकाने मित्राच्या कानाखाली अशी मारली की तो गोल फिरून भिंतीवर आपटला. त्याला खाली पाडून दोघं लाथा घालू लागले. डबा माझ्या हातातून उडाला, आणि चौथ्याने लांब उभं राहून दगड मारून तो फोडला. केअरटेकरची काठी माझ्या बरगड्यांवर बसली. एकदा, दोनदा. श्वास आतच अडकला. रस्त्यावरून जाणारेही आता थांबून मारत होते. एकाच्या हातात हेल्मेट होतं. कशासाठी मारतोय, हे त्याने विचारलंही नव्हतं.

पाईप अजून माझ्याच हातात होता. मी तो केअरटेकरच्या खांद्यावर घातला. त्याची काठी सुटली आणि तो गुडघ्यांवर कोसळला. मग त्याने डोकं वाचवायला हात वर धरला. मी पुन्हा मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पाईप मी तिसऱ्यांदाही उचलला होता, पण एका बाईने मागून माझी मान धरली आणि मला वाळूत ढकललं. मासळी विकून घराकडे निघालेल्या तीन-चार बायका होत्या त्या. मित्राला ओळखत होत्या. मध्ये पडून त्यांनी त्याला सोडवलं, नाहीतर तो तिथेच संपला असता.

पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी झाल्या. गच्चीवरचा संच शाबूत होता, तो आणून मी साहेबांना दाखवला. तो घेऊन ते आमच्याबरोबर बंगल्यावर आले आणि तिथले अडॅप्टर एकेक करून बंद करायला लावले. पडद्यावरच्या रेघा खाली बसल्या. अडॅप्टर बदलले गेले, तक्रारी मागे घेतल्या गेल्या, वायरलेस सुधारला. मित्राच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. आता तो सेट उजव्या कानाला लावतो.

महिन्याभराने मी केअरटेकरच्या घरी गेलो. मित्राने नको म्हटलं होतं. "ज्याने तुला मारलं त्याच्या दारात कशाला जातोस रे?" तरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो पलंगावर बसला होता, हात प्लॅस्टरमध्ये. मी कोण ते सांगायची गरज पडली नाही. त्याने पायाने खुर्ची पुढे सारली आणि बोलायला लागला ते मालवणीत. पोलीस ठाण्यात तो हिंदीतच बोलला होता. माझे वडील गिरणीतून सुटून आले की घरात तसंच बोलायचे. मी खाली मान घालून ऐकत राहिलो.

"पयलो फटको माका कळता," तो म्हणाला. "मी पण मारूकच इल्लंय. पण खाली पडल्यार दुसरो कित्याक?"

दुसरा फटका घाबरून मारला, असं सांगायचं मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. पण ते खोटं होतं. भीती पहिल्या फटक्यालाच संपली होती.

"मारताना बरं वाटत होतं," मी म्हणालो.

त्याची बायको दारात उभी होती. ती आत निघून गेली. त्याने प्लॅस्टरवरून बोट फिरवलं.

"माका पण," तो म्हणाला.

थोड्या वेळाने बायकोने चहा आणला. कप तिने माझ्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला. आम्ही दोघांनी चहा प्यायला. मग मी उठलो. जिना उतरताना बरगड्या अजून दुखत होत्या, म्हणून कठड्याला धरून सावकाश उतरलो.