आप्पा म्हणाले होते, ब्रेक लागला नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मोहोळच्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या वडिलांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की मला धीर येतो, हा माझा जुना स्वभाव आहे.

गोष्ट एका सायकलीची आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. मलाही ती किरकोळच वाटावी म्हणून मी बरीच वर्षं खटपट केली.

आमच्या वरचे भाडेकरू पुण्याला गेले, तेव्हा जिन्याखाली एक गिअरची सायकल टाकून गेले. जाड टायरची, डोंगरात चालवायची असते तसली. सोलापुरात डोंगर कुठला आलाय? पण मला ती बघताक्षणी आवडली. गंजलेली, चेन आखडलेली, सीट फाटून आतला स्पंज बाहेर आलेला. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्यांची वाट बघायची, एवढंच काम. आपल्या हातानं एखादी गोष्ट उभी करावी असं फार वाटायचं. ठरवलं, दुकानात टाकायची नाही. कमीत कमी खर्चात, घरच्या घरी करायची.

आणि केली. ते मात्र खरंच चांगलं केलं होतं — की हेही मी माझ्याच तोंडानं सांगतोय? तारेच्या ब्रशनं गंज काढला. पॉलिश पेपर घासून घासून बोटांची सालं गेली. चेन डिझेलमध्ये भिजत घातली. मडगार्ड जुन्या बाजारातून आणलं. पुसायला घरात टॉवेलच्या चिंध्या होत्याच. आप्पा टॉवेलच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रमागावर होते, त्यामुळं आमच्या घरात एक वेळ साखर संपेल पण डागी टॉवेल संपायचे नाहीत. सांगाड्याला प्रायमर मारला, वर स्प्रेच्या डब्यांनी गडद हिरवा रंग दिला. रोज फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचो. लोक शाबासकीचे अंगठे टाकायचे. मी खुळ्यासारखा पुन्हा पुन्हा मोबाइल उघडून ते बघायचो.

ही सायकल आप्पांना द्यायची, हे मी मधेच कधीतरी जाहीर करून टाकलं. त्यांची जुनी काळी सायकल मोडीत गेली होती आणि ते सगळीकडे चालत फिरत होते. मुलगा वडिलांना स्वतः सायकल बनवून देतोय, यावर तर अंगठ्यांचा पाऊस पडला. खंडेनवमीला गल्लीत सगळ्यांच्या गाड्या धुऊन, हार घालून पूजेला उभ्या राहतात. त्या दिवशी आपलीही सायकल त्या रांगेत दिसली पाहिजे, असा मी हट्ट धरला. हट्ट माझा. आप्पांनी काहीच मागितलं नव्हतं.

आदल्या दिवशी चाकं राहिली होती. चाकाची रिम रंगवायची नसते. ब्रेकचं रबर रिमला घासतं तेव्हा सायकल थांबते, तिथं कोरडं, उघडं लोखंड लागतं. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणू शकलो असतो तर किती बरं झालं असतं! पण लहानपणी सायकल पुसताना रिमला तेलाचा हात लागला तर आप्पा टपली मारायचे. मला पक्कं माहीत होतं. फक्त ती रिम डागांनी भरलेली होती, हिरव्या सांगाड्याला शोभत नव्हती, आणि माझ्याकडं मडगार्डला आणलेल्या काळ्या रंगाचा अर्धा डबा उरला होता. मी दोन्ही चाकं काळी करून टाकली. कडेसकट.

सुरेखा, म्हणजे माझी बायको, कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "रिमा पण रंगवल्या? ब्रेक लागंल का?" मी म्हणालो, "लागतो की." अंगणात उभ्या उभ्या ब्रेक दाबून दाखवला. चाक थांबलं. उभ्या सायकलीचं चाक कशानंही थांबतं.

खंडेनवमीला सायकल झेंडूच्या हारात उभी राहिली. आप्पांनी तिला हळद-कुंकू वाहिलं आणि हँडलवर नुसता हात फिरवत राहिले. त्यांना फार आनंद झाला की ते कमी बोलतात. त्या दिवशी ते अजिबात बोलले नाहीत.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते भाजी घेऊन रेल्वेच्या पुलावरून खाली येत होते. उतारावर पुढची रिक्षा थांबली. आप्पांनी ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. त्यांनी हँडल कडेला वळवलं आणि कठड्यावर आपटून पडले. मनगट मोडलं, कंबरेला मुका मार लागला. डोकं वाचलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दवाखान्यात प्लास्टर घालत असताना ते मला सांगत होते, "ब्रेक लागलाच न्हाय रं. दाबला की मी. लई दाबला." बरोबर सांगत होते. अगदी तंतोतंत बरोबर. आणि मी काय केलं? औषधं आणतो म्हणून बाहेर पडलो, घरी गेलो, लोकांनी रिक्षात घालून आणून टाकलेली ती सायकल उलटी केली, आणि दोन्ही रिमांच्या कडा पॉलिश पेपरनं घासून काढल्या. काळा रंग पावडर होऊन फरशीवर पडला. मी तो पाण्यानं धुऊन मोरीत ढकलला. एवढ्या मन लावून मी त्या सायकलीचं दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ म्हणता आलं असतं, घाबरला बिचारा. पण मी थांबलो नाही.

आप्पा घरी आल्यावर पुन्हा तेच म्हणाले, बहिणीसमोर म्हणाले, शेजाऱ्यांसमोर म्हणाले. ब्रेक लागला न्हाय. मग मी सायकल त्यांच्यासमोर आणली. "बघा, तुम्हीच दाबून बघा," म्हणालो. त्यांनी चांगल्या, डाव्या हातानं ब्रेक दाबला आणि मी सायकल पुढं ढकलली. चाक जागच्या जागी आवळलं. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा आवळलं. सगळे बघत होते. आप्पांनी ब्रेक सोडला, प्लास्टरमधून डोकावणाऱ्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाले, "मग मीच दाबला नसंल."

मी म्हणालो, "होतं आप्पा. वय झालं."

हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालू शकत नाही. ते माझंच आहे.

त्यावर ते काय म्हणाले, ऐकायचंय? कठड्याला घासून हिरवा रंग एका ठिकाणी निघाला होता, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढी राबून केलीस तू, अन् मी रंग घालवला." त्यांनी माझी माफी मागितली होती. आणि मी ती दिली. "जाऊ द्या, परत मारू," असं म्हणून मोठ्या मनानं दिली.

आता राहिलं कानाच्या दवाखान्याचं. मागाच्या आवाजानं कारखान्यातल्या माणसांचे कान जातात, तसे आप्पांचेही गेलेत. मागावरची माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलतात. घरी आल्यावरही आप्पा तसंच ऐकतात. चेहऱ्याकडं बघून. बहिणीला कुणीतरी सांगितलं की कान आणि तोल यांचा संबंध असतो, म्हणून मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांना एका रेषेवर चालवलं, डोळे मिटून उभं केलं, मान फिरवून बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ऐकू कमी येतं, तेवढंच. तोल अगदी व्यवस्थित आहे. हात बरा झाला की खुशाल सायकल चालवू द्या."

डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता. आप्पांना ओठ दिसले नव्हते. ते माझ्याकडं वळले आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हनले?"

बाहेर कुठंही गेलो की लोकांचं बोलणं मीच त्यांना सांगतो — बँकेत, दुकानात, लग्नात. सरळ समोर उभं राहायचं, ओठ नीट हलवायचे, सावकाश बोलायचं. मी तसाच समोर उभा राहिलो. ओठ नीट हलवले. सावकाश म्हणालो, "कानामुळं तोल जातो म्हणाले. सायकल बंद. जपायचं."

त्यांनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसणारच होता. माझ्यावर नाही तर कुणावर ठेवायचा?

का केलं मी असं? भीतीनं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण खरं सांगतो म्हटलंय तर पूर्णच सांगतो. आप्पा घरात बसले ते आम्हाला सोयीचं झालं. मी आणि सुरेखा दोघंही नोकरीला जातो. गॅसवाला आला तर दार उघडायला माणूस, शाळेच्या रिक्षातून पोरगी उतरली तर घ्यायला माणूस. आधी ते दिवसभर बाहेर असायचे. तलावाकडं, जुन्या मागवाल्या मित्रांकडं, कधी मनात आलं की थेट मार्केट यार्डापर्यंत. आता ते दारातल्या खुर्चीत सापडतात. कधीही या, तिथंच. न्हाणीघरात जाताना भिंतीला हात लावून जातात. त्यांचे पाय ठणठणीत आहेत. मी त्यांना भिंत धरायला लावली आहे.

सायकल मी वापरतो. रविवारी सकाळी होटगी रोडला आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप जातो. हिरवा रंग अजून छान टिकलाय, आणि कुणी विचारलंच तर सांगतो, रिमा मुद्दाम चकचकीत ठेवल्यात.

सुरेखाला तो अंगणातला प्रश्न आठवतो का? मी विचारलेलं नाही. तीही पुन्हा कधी बोललेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात पोरीला, स्वराला, सायकल शिकायची होती. तिनं आजोबांचा हात धरून ओढला. आमच्या घरात सगळ्यांना सायकल आप्पांनीच शिकवली — मला, बहिणीला, गल्लीतल्या निम्म्या पोरांना. कॅरिअर धरून मागं पळायचे आणि कधी सोडलं ते कळूही द्यायचे नाहीत. आप्पांनी हात सोडवून घेतला. "न्हाय बाळा. मलाच तोल न्हाय, तुला काय शिकवू?" कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी हातात पंप घेऊन तिथंच उभा होतो, त्यांच्या अगदी समोर. माझे ओठ त्यांना स्पष्ट दिसत होते.

मी स्वराला म्हणालो, "चल, मी शिकवतो."

पोरगी पटकन शिकली. मी कॅरिअर धरून पळत होतो. आप्पा खुर्चीत बसून बघत होते, आणि ती डगमगली की दर वेळी त्यांची बोटं खुर्चीच्या दांडीवर आवळत होती — ब्रेक दाबल्यासारखी, घट्ट, वेळेवर.