पडवीतलं वायफाय

स्वप्नाली पहिल्यांदा अजीजाचाचीकडे आली तेव्हा तिच्या स्कूटीवर इतकी लांब शिडी होती, की पुढचं टोक नदीपलीकडच्या अष्टमी गावात चाचीच्या अंगणात शिरलं तरी मागचं टोक कुंडलिकेच्या पुलावर, रोह्याच्या हद्दीतच होतं. निदान चाची तरी असंच सांगते, आणि चाचीला खोटं पाडायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

"मुलगा नाय मिळाला कंपनीला?" चाचीनं विचारलं.

"होता. शिडीला घाबरला."

चाचीनं लगेच चहा टाकला.

जिते गावची ही स्वप्नाली. पेणच्या एका इंटरनेटवाल्याची रोह्याकडची सगळी कामं हिच्याच गळ्यात. तिनं वायफाय जोडून पासवर्ड सांगितला आणि चाचीनं तो खडूनं दारावर लिहून टाकला. येणाऱ्याजाणाऱ्याची सोय!

वर्षभरानं तक्रार आली. चाचीच्या मुलाचा, आमीरचा, निकाह शुक्रवारी कतारला. चाचीचा पासपोर्ट अडकलेला, म्हणून तो फोनवरच बघायचा. आणि व्हिडिओ कॉलवर तर चित्र अडकतं, आमीरचं तोंड उघडलं की उघडंच राहतं.

स्वप्नालीनं राउटर तपासला. "चाची, राउटर प्रत्येक फोनला घर नंबर देतो. तुमच्या एका घरात अख्खी आळी राहतेय! सलूनवाल्याचा टीव्हीपण. वर राउटरची सेटिंग बदलायचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. म्हणजे गावातल्या सगळ्या कुलपांना एकच चावी. उद्या कुणी आत शिरून तुम्हालाच बाहेर काढेल."

"मग काय, दारी आलेल्याला नाय म्हणू? आमच्यात नाय तसं."

"पाहुण्याला पाणी कुठं देता? पडवीत ना? का थेट कपाटापाशी नेता?"

चाचीनं ऐकलं आणि दारावरचा पासवर्ड पुसला. अष्टमीत हे पहिल्यांदाच घडलं.

स्वप्नालीनं चावी बदलली. घरच्या फोनांना नवा पासवर्ड, आळीला वेगळं पाहुण्यांचं वायफाय. नाव 'पडवी', वेग बेताचा. तिथून घरातल्या फोनांकडे वाट नाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारची बतूल कुंपणावरून ओरडली, "चाची, तुझी पडवी लय हळू चालते गो!"

"पडवीत बसायचं असतं, धावायचं नसतं," चाची म्हणाली.

शुक्रवारी चित्र आरशासारखं लख्ख. नव्या ड्रेसमध्ये स्वप्नालीही हजर, राउटरशेजारी, पहाऱ्याला बसल्यासारखी. काझींनी विचारलं, कबूल आहे का? आमीरनं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

स्वप्नालीनं राउटर बघितला, वायर बघितली, नव्या ड्रेसनिशी शिडीवर चढून आली. सगळं ठीक होतं.

कतारमध्ये ज्या मित्रानं फोन धरला होता, त्याची बॅटरी संपली होती.