चौकटीच्या तळाची चांदणी

वन्सं काल सकाळी गेल्या.
त्यांच्याच नियमाप्रमाणे मी आधी नीट खात्री करून घेतली.

सुतक आहे. देवपूजा बंद. सकाळचा वेळ मोकळा पडलाय, म्हणून लिहितेय.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, कुसुम. रत्नागिरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. त्यांच्या कॉटखाली दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या. लोकांना वाटायचं साड्या असतील.

त्यात सुपरहिरोंची इंग्रजी कॉमिक्स होती.
त्यांचा मामेभाऊ बोटीवर होता. दर फेरीला गठ्ठा आणायचा.

मी चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन या घरात आले. लांज्याच्या आतल्या गावची, मॅट्रिक पास. घरात नऊ माणसं. कोण कोणाशी बोलतं, कोण का बोलत नाही, काही कळायचं नाही.

एकदा जेवताना मी सहज विचारलं, "भाट्याचे काका आपल्याकडे कधी येत कसे नाहीत?"
सगळ्यांचे हात ताटातच थांबले.
रागावलं कोणी नाही. विषय आमटीवर गेला.

दुपारी मी मागच्या पडवीत रडत बसले होते. वन्सं ड्युटीवरून आल्या आणि एक कॉमिक माझ्या मांडीवर ठेवलं.
"ही चौकट वाच."

एक मुखवटेवाला दुसऱ्याला सांगत होता, तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. 'पुन्हा'च्या डोक्यावर छोटी चांदणी. चौकटीच्या तळाशी तशीच चांदणी, आणि बारीक अक्षरात: पाहा अंक सत्तेचाळीस.

"तू एकदम दोनशेव्या अंकात आलीयस गो," वन्सं म्हणाल्या. "मागचे आम्ही जगलोय. तुला कसे ठाऊक असणार? अडलं की मला विचार. मी तुझी चांदणी."

मग त्यांनी सांगितलं. काका तेव्हा मुंबईत नोकरीला होते. आजेसासूबाई, म्हणजे काकांची आई, शेवटच्या आजारात त्यांची वाट बघत होत्या. काका एसटीने रत्नागिरीच्या अलीकडे, हातखंब्यापर्यंत आले, आणि तिथूनच परत फिरले. का, ते कधीच कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी घरात चाचपडायची थांबले. आणि कॉमिक्स वाचायला लागले. डिक्शनरी घेऊन.

सवय पोथीची. त्यामुळे आंघोळ करून, पाटावर बसून, अंक पहिल्यापासून. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही.
वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या.
"अगो, पारायण करतेस काय? जो हिरो आवडेल त्याच्या अंकात घूस. कळलं नाही ते सोडून दे. पुढे कळतं."
"आणि नाहीच कळलं तर?"
"नाही कळलं तरी पुढचं पान उलटतंच."

हळूहळू लक्षात आलं की ही सगळी एकाच दुनियेतली माणसं आहेत. एकाच्या अंकात पूल कोसळला, की दुसऱ्याच्या अंकात लोक होडीतून जाताना दिसतात. भांडण इथे, समेट तिसऱ्याच्याच पुस्तकात.
"म्हणजे आपल्या घरासारखंच," मी म्हटलं.
"आमच्या एक्स्चेंजसारखं म्हण. सगळ्या वायरी शेवटी एकाच बोर्डात."

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रकाने आखले. नाव, ताकद, मित्र, वैरी. वन्संनी पेन घेऊन एक रकाना वाढवला: कशाला भितो.
"हा आधी भरायचा. मग माणूस कळतो."

वाऱ्यावर चालणारी एक बाई होती, माझी फार लाडकी. एका अंकात ती दरीत पडून मेली. दुसऱ्या दिवशी रविवार. शिऱ्याचा बेत ठरलेला.
मी शिरा केलाच नाही.
"सूनबाई, शिरा?" मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं.
माझ्या तोंडून निघून गेलं, "दुःख झालंय."
"कोण गेलं?"
वन्संना ठसकाच लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, "आमच्या मैत्रिणीकडलं आहे."
मामंजी बिचारे गंभीर झाले. त्यांनी भातसुद्धा दुसऱ्यांदा घेतला नाही.

स्वयंपाकघरात येऊन वन्सं हसून हसून ओट्याला टेकल्या.
"नियम ऐक. प्रेत पाहिल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही. दरीत पडली ना? प्रेत दाखवलं? नाही ना? येईल परत."

आली. आठ महिन्यांनी, दुसऱ्याच हिरोच्या अंकात.
त्या दिवशी मी मधल्या वारी शिरा केला. का, ते आम्हा दोघींनाच माहीत.

मागच्या महिन्यात वन्संना अटॅक आला, अर्धांगाचा. वाचा गेली. मी रोज हॉस्पिटलला जायचे, जवळ बसून स्तोत्र म्हणायचे. ऐकू येत असावं.

परवा संध्याकाळी त्यांनी माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने काहीतरी काढलं.
पुन्हा काढलं.
चांदणी.

"कितवा अंक, वन्सं?" मी विचारलं.
त्यांचं बोट हलत राहिलं. आकडा काही कळला नाही. मग नर्सने वेळ संपली म्हणून सांगितलं.

कालपासून मी चाळीस वर्षं उलटीसुलटी चाळतेय. पडवी म्हणायची होती? शिरा? की मला ठाऊकच नसलेलं काही, जे सांगायचं राहून गेलं?

या घरातलं मला न कळलेलं सगळं काही मी त्यांनाच विचारलं. आता हे कोणाला विचारू?

नियम तुमचाच, वन्सं. प्रेत पाहिल्याशिवाय मानायचं नाही.

मी पाहिलं.
आंघोळ मीच घातली. केस मीच विंचरले. कानावर हेडफोनचा जुना वळ होता, इतक्या वर्षांनीही. तिथे हात जरा थांबला.

मानलं मी.

आज घरात गोडाचं काही नाही. कोण गेलं, म्हणून कोणी विचारलं नाही.

या, वन्सं. माझा शेवटचा नमस्कार.

तुमची शैला