पाच चेहऱ्यांची ओळ

माझी ताई इस्पितळांसाठी पोर्टल बनवते, म्हणजे पेशंटला घरबसल्या फोनवर काय दिसावं, त्यानं कुठं दाबावं, ते ठरवते. स्वतःच्या घरात तिला टीव्हीचा रिमोट सापडत नाही, पण ते जाऊ दे.

अर्धांगवायूतून सावरणाऱ्यांसाठी तिनं पाच चेहरे काढले. डावीकडे रडका, उजवीकडे हसरा. रोज एक दाबायचा, म्हणजे तब्येत कळते. वीस जणांना दाखवले, सगळ्यांना आवडले. दोन महिन्यांनी बाबांनाच झटका आला, डावा हात गेला आणि तिचंच पोर्टल आमच्या घरात आलं.

बाबा चहा झाला की हसरा दाबायचे. तोंडानं कुरकुर करणं त्यांच्या स्वभावातच नाही. महिन्याभरात इस्पितळाचा निरोप आला: प्रगती उत्तम, सबब व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या घरभेटी बंद. आम्ही दोघं गाढवं, चक्क खूश झालो.

चार महिने गेले. एका रविवारी बाबा दाढी करून बाहेर आले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर फेस तसाच. जेवतानाही ताटात डावीकडचं उरायचं. मला वाटायचं, भूक मेली. ताई दारातच थबकली.

"डोळे धड आहेत रे. पण डावीकडे काही आहे, हेच त्यांच्या डोक्याला कळत नाहीये."

म्हणजे पाचांतला एकच, उजव्या टोकाचा हसरा चेहरा त्यांना दिसत होता. झटक्यानंतर असं होतं, हे ताईनं वाचलं होतं. सगळंच वाचलं होतं तिनं.

तिनं फोन करून बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी बाबांची मूठ उघडायचा प्रयत्न केला. "आखडलीय. तेव्हा सराव सुरू राहिला असता, तर..." ताईनं मान हलवली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, तसा मी नुसता उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ताईनं चेहऱ्यांची ती ओळ उभी केली, एकाखाली एक, आणि फोन बाबांपुढे धरला. बाबांनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं.

"हा रडका नवीन घातलास का गं?"

"नाही बाबा. पहिल्या दिवसापासून आहे."

बाबांनी तो दाबला. फोनला कळलं नसेल असं वाटून की काय, पुन्हा दाबला. मग बोट तिथंच ठेवून बसले.